बरं वाटत असताना घ्यायची गोळी

रक्तदाबाची गोळी बंद पडते ती बहुधा पहिल्या काही महिन्यांतच. पहिला महिना धास्तीत जातो. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठणहून कुणीतरी छत्रपती संभाजीनगरला दुसऱ्याच कामासाठी आलेलं असतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन असतं, हर्निया असतो, नाहीतर गुडघे दुखत असतात. केसपेपर काढून घाटी या सरकारी रुग्णालयातल्या ओपीडीत बसल्यावर दंडाला पट्टा गुंडाळला जातो आणि आकडा निघतो १७०/१००. घरी फोन जातात, लोणच्याची बरणी वर ठेवली जाते, गोळी न चुकता घेतली जाते. महिन्याने आकडा १३०/८० येतो. सगळ्यांना हायसं वाटतं आणि मग घरातलंच कुणीतरी म्हणतं, "नॉर्मल आलं ना? मग आता कशाला गोळी?"

हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. आजवर औषधाने आपल्याला जे शिकवलं ते याच चालीचं आहे. ताप आला, गोळी घेतली, ताप उतरला, गोळी थांबवली. पण तापाची गोळी घेताना अंग मोडून आलेलं असतं, रक्तदाबाची गोळी घेताना काहीच होत नसतं. त्यामुळे गोळी सुरू केल्याचा फायदा अंगाला कळत नाही आणि बंद केल्याचा तोटाही कळत नाही.

त्यात एक फसगत औषधाच्या गुणातच दडलेली आहे, आणि ती प्रत्येक घराला माहीत असायला हवी. आपल्याकडे भरपूर दिलं जाणारं ॲम्लोडिपिन हे औषध शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं. त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात. म्हणजे सोमवारी गोळी बंद केली, तरी बुधवारी-गुरुवारी तिचा बराच अंमल शिल्लक असतो. माणूस तीन दिवस थांबून मेडिकलवाल्याकडे बीपी मोजतो, आकडा चांगला येतो आणि त्याची खात्री पटते: "बघा, गोळीशिवाय पण नॉर्मलच आहे." आठवड्या-दोन आठवड्यांनी दाब पुन्हा जुन्या पातळीला जातो, पण तोवर मोजणं थांबलेलं असतं.

मग वर्षं जातात. जायकवाडीहून शहराला पाणी आणणारी जुनी जलवाहिनी फुटली की ती कुठे फुटली ते सगळ्या शहराला कळतं, पण त्या ठिकाणी पत्रा आतून किती दिवस झिजत होता ते कुणालाच दिसलेलं नसतं. वाढलेल्या दाबाखाली रक्तवाहिन्यांचं असंच होतं. भिंती जाड आणि ताठ होतात, आतून चरबी साचायला जागा मिळते, हृदयाच्या डाव्या कप्प्याचा स्नायू जाडावतो, मूत्रपिंडातल्या केसाहून बारीक वाहिन्यांच्या जाळ्या निकामी होऊ लागतात, डोळ्यांच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके उमटतात. यातलं काहीही दुखत नाही. "डोकं दुखलं की समजावं बीपी वाढलं" हा समज गावोगावी आहे, आणि तो घातक आहे. डोकं दुखत नाही म्हणजे दाब ठीक आहे असा त्याचा उलटा अर्थ लावला जातो आणि गोळी त्या दिवसापुरती राहून जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली उच्च रक्तदाबावर पहिला जागतिक अहवाल काढला. त्यानुसार भारतात ३० ते ७९ या वयोगटातल्या सुमारे १८ कोटी ८३ लाख लोकांना हा विकार आहे. त्यातल्या शंभरांपैकी ३७ जणांनाच तो असल्याचं निदान झालेलं आहे, ३० जण उपचार घेतात, आणि दाब ताब्यात असलेले फक्त १५. म्हणजे जे औषध घेतात त्यांच्यातही निम्म्यांचाच दाब आटोक्यात आहे. औषधं उपलब्ध आहेत, स्वस्त आहेत, त्यांवर अर्ध्या शतकाहून अधिक अभ्यास झाला आहे. तरीही ३० आणि १५ यांच्यामधली दरी उरते. काहींचा डोस अपुरा असतो, काहींना दुसऱ्या औषधाची जोड हवी असते. बाकीचं बरंचसं घडतं ते घरात, त्या "आता कशाला?" या प्रश्नापाशी.

अशी औषधं नव्हती तेव्हा काय होत होतं, याचं एक उदाहरण सगळ्या जगाने पाहिलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांचा दाब ३००/१९० नोंदला गेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाला त्या वेळचे डॉक्टर विश्रांती, मीठ कमी आणि झोपेची औषधं यांपलीकडे फारसं काही देऊ शकत नव्हते.

पुढच्या चारच वर्षांत पहिली मोठी वाट उघडली ती मुंबईत. डॉ. रुस्तम जाल वकील हे केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधा ही वनस्पती भारतातल्या वैद्यांना पूर्वापार माहीत होती. साप चावल्यावर, झोप येत नसल्यास, मन भ्रमिष्ट झाल्यास तिची मुळी दिली जाई. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती रक्तदाब उतरवते असं लिहिलं होतं, पण ते लेखन देशाबाहेर फारसं पोहोचलं नाही. वकिलांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना मुळीपासून केलेल्या गोळ्या दिल्या, नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. तो बॉस्टनमधले डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात आला आणि त्यांनी आपल्या रुग्णांवर ती मुळी वापरून पाहिली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं केलं आणि त्याला रिसर्पिन असं नाव दिलं. वकिलांना १९५७ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्या शालेय पुस्तकांत हे नाव ठळक असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

पण दाब उतरतो हे कळलं, म्हणजे माणूस वाचतो हे सिद्ध झालं असं नव्हे. त्या काळचे अनेक नामवंत डॉक्टर म्हणत, वयाबरोबर दाब वाढतो तो मेंदूला रक्त पोहोचावं म्हणूनच वाढतो, तो उतरवलात तर अपाय होईल. या वादाचा निकाल १९६७ साली लागला. अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी खालचा दाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष निवडले. ७३ जणांना औषधं दिली आणि ७० जणांना तशाच दिसणाऱ्या निर्गुण गोळ्या. सरासरी दीड-पावणेदोन वर्षांत निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर अपाय झाला आणि त्यातले ४ दगावले. औषध घेणाऱ्यांत गंभीर अपाय दोघांनाच झाला, मृत्यू एकाचाही नाही. त्या मिश्रणात तीन औषधं होती: हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलझिन आणि तिसरं रिसर्पिन, म्हणजे मुंबईच्या त्या अभ्यासातून जगाला कळलेल्या मुळीचं सत्त्व. १९७० मध्ये फ्राइस यांनीच मध्यम वाढलेल्या दाबावरही असाच फायदा दाखवून दिला. "मला काही त्रास नाही" म्हणणाऱ्या माणसाला गोळी का द्यायची, याचं उत्तर या दोन अभ्यासांनी दिलं.

रिसर्पिनने काही रुग्णांना खोल उदासीनता आणली, नाक चोंदणं, सुस्ती हे तर नेहमीचंच होतं. पुढे चांगली औषधं आली आणि ते मागे पडलं. मात्र "वनस्पतीचंच आहे, काय होतंय" म्हणून चालू गोळ्यांच्या जोडीला सर्पगंधाचं चूर्ण घेणारे लोक आजही भेटतात. ते खरोखरच औषध आहे, म्हणूनच ते डॉक्टरांना न सांगता घेऊ नये. ज्येष्ठमधाचं उलटं आहे: खोकल्यावर रोज काढा करून घेतला तर त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ-पाणी साठतं आणि दाब चढतो.

आज दिल्या जाणाऱ्या गोळ्या मुख्यतः तीन वाटांनी काम करतात. ॲम्लोडिपिन धमन्यांच्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे धमनी सैल होते. टेल्मिसार्टन हे अँजिओटेन्सिन या आवळणाऱ्या द्रव्याची जागा अडवतं. क्लोरथॅलिडोन मूत्रपिंडावाटे मीठ बाहेर टाकायला लावतं. बहुतेकांना यांतली दोन लागतात. दुसरी गोळी वाढवली की "आजार बळावला" असं घरात म्हटलं जातं, पण एकाच औषधाचा डोस वाढवत नेण्यापेक्षा दोन औषधं थोड्या-थोड्या मात्रेत दिल्याने दाब जास्त उतरतो आणि त्रास कमी होतो.

त्रास होऊ शकतात, आणि ते आधी सांगितले तर लोक घाबरून गोळी सोडत नाहीत. ॲम्लोडिपिनने काहींचे घोटे सुजतात. ही सूज किडनीची नसते. डोस कमी केला किंवा टेल्मिसार्टनची जोड दिली की ती बहुधा उतरते. रामिप्रिल, एनालाप्रिल या गटाने कोरडा खोकला लागू शकतो, मग औषध बदलायचं. क्लोरथॅलिडोनने रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम उतरू शकतं, म्हातारपणी त्याने गळून गेल्यासारखं होतं. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर रक्ततपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, किंचित वाढलं तर डॉक्टर ते अपेक्षितच धरतात, आणि नेमकं तपासणीच्या याच कागदावरून "गोळीने किडनी खराब होते" ही अफवा पसरते. डायलिसिसच्या खाटेवर माणूस पोहोचतो त्याच्या दोन सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक आहे आटोक्यात नसलेला रक्तदाब, दुसरं मधुमेह. मूल होण्याच्या विचारात असलेल्या बाईला टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलच्या गटातलं औषध देत नाहीत. तिने तसा विचार असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगावं, दिवस गेल्यावर नव्हे.

"एकदा सुरू केली की सवय लागते" हे तर सर्वांत जास्त ऐकू येतं. सवय लावणाऱ्या वस्तूची मात्रा वाढवत न्यावी लागते, ती मिळाली नाही की जीव कासावीस होतो. या गोळीचं तसं काही होत नाही. दाब वाढण्याचा कल आपल्या शरीरात मुळात असतो आणि गोळी तो रोजच्या रोज धरून ठेवते. अचानक सोडू नयेत अशी काही औषधं मात्र आहेत: मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारखी हृदयाचे ठोके कमी करणारी, आणि क्लोनिडिन. ती एकाएकी थांबवली तर दाब आणि ठोके उसळी मारतात, छातीत दुखू शकतं.

गोळी एखाद्या दिवशी राहिली, तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आठवलं तर दोन घेऊ नयेत.

आता मोजण्याबद्दल, कारण गोळी चालू ठेवायची की वाढवायची हा निर्णय त्या आकड्यावर उभा असतो. मोजणारा पट्टा १८९६ साली इटलीतल्या रिवा-रोची यांनी आणला आणि १९०५ साली रशियाच्या कोरोत्कॉव्ह यांनी पट्ट्याखालच्या धमनीवर नळी लावून ठोके ऐकण्याची रीत दाखवली. आज घराघरांत बॅटरीवरचं मशीन आहे, पण आकडा चुकतो तो मशीनमुळे फार कमी. माणूस जिना चढून आलेला असतो, बाही वर सरकवून दंडाला आवळून बसलेली असते, हात मांडीवर पडलेला असतो, पाय अधांतरी असतात आणि मोजता मोजता गप्पा चालू असतात. नुसतं बोलण्यानेच आकडा दहाच्या आसपास वर जातो, लघवीला लागलेली असली तरी तितकाच. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसायचं. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नाही. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहायचे. पट्टा दंडाला लहान पडत असेल तर आकडा खोटाच मोठा येतो, जाड दंडाच्या माणसाने मोठा पट्टा मागून घ्यावा. दवाखान्यात १४०/९० ही रेषा धरतात. घरी मोजलं तर १३५/८५. मधुमेह, हृदयविकार किंवा किडनीचा विकार असेल तर वरचा आकडा १३० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. दिवसातून दहा वेळा मोजणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन: आकडा पाहून घाबरायचं आणि घाबरल्यामुळे तो आणखी वाढायचा, हे चक्र थांबवा. डॉक्टरांकडे जाण्याआधीच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ मोजलेलं पुरतं.

मीठ हा विषय मराठवाड्यात नीट बोलावा लागतो. "मीठ कमी करा" एवढ्याने काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. भारतीय माणूस त्याच्या जवळपास दुप्पट खातो. आपण किती खातो ते कळण्याचा सोपा मार्ग आहे. मिठाची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची. चार मोठ्या माणसांच्या घरात रोज २० ग्रॅम धरलं, तर एक किलो मीठ ५० दिवस पुरायला हवं, आणि त्यातही लोणचं, पापड, बाहेरचं खाणं वेगळं. पिशवी महिन्यातच संपत असेल तर भाजीत "कमीच टाकते" या म्हणण्यावर विसंबून राहता येत नाही.

एका बाबतीत आपलं ताट नशीबवान आहे. ज्वारीची भाकरी गरम पाण्यात पीठ मळून थापतात, तिच्यात मीठ नसतं. पाव, बिस्किटं, खारी यांच्यात ते भरपूर असतं. म्हणजे भाकरीवर जगणारं घर निम्मी लढाई आधीच जिंकलेलं असतं. मीठ शिरतं ते भाकरीच्या सोबतीने. मिरची-लसणाचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, येसरची आमटी, उन्हाळ्यात घातलेल्या खारोड्या, कुरडया, सांडगे. पापडात मीठ असतं आणि पापडखारही, त्यातही सोडियम. धपाट्यांबरोबर लोणचं. गुलमंडीवर गेलं की कचोरी. आणि ताटात डाव्या हाताला लिंबाशेजारी वाढलेली मिठाची चिमूट, जी न चाखताच कालवली जाते. सुरुवात त्या चिमटीपासून करावी, कारण तिची कुणालाच खरी गरज नसते. ठेच्यात मीठ निम्मं करून लिंबू पिळायचं, भाजीत जिरं, लसूण, कोथिंबीर, आमसूल वाढवायचं. दोन-तीन आठवडे जेवण अळणी लागतं, मग जीभ सरावते आणि जुन्या चवीचं जेवण खारट लागू लागतं. बदल सगळ्या घरासाठी एकच करावा. घरातल्या एकट्या रुग्णासाठी वेगळी भाजी काढली की ती चार दिवसांत बंद पडते.

आपल्याकडे उपवासाला सैंधव वापरतात आणि ते रक्तदाबाला चालतं असं मानतात. सैंधवातही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा चिवडा आणि वरून सैंधव हा काही हलका आहार नाही. ॲसिडिटीवर घेतली जाणारी फेसाळ पूडही सोडियमनेच भरलेली असते.

ज्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, त्याचा उपयोग मात्र सिद्ध झालेला आहे. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी भरलं. पण किडनीचा विकार असलेल्यांनी आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, कारण रक्तात पोटॅशियम साठलं तर हृदयाच्या ठोक्यांना धोका असतो.

चालण्याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांना पाठ आहे. विद्यापीठाचा परिसर, गोगाबाबा टेकडी, हिमायतबाग, सलीम अली सरोवराचा काठ, या शहरात सकाळी चालायला चांगल्या जागा आहेत. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. वजन एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. हे लहान वाटतं, पण आठ किलोंचे आठ आकडे म्हणजे जवळजवळ एका गोळीचं काम.

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांत पाळ्यांत काम करणाऱ्यांची अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष होतं. "सकाळी नाश्त्यानंतर" असं चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, पण रात्रपाळीवाल्याची सकाळ दुपारी दोनला होते. पाळी बदलली की गोळी चुकते. आजच्या बहुतेक गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असल्याने सोय आहे: पाळी कोणतीही असो, घड्याळातली एक वेळ ठरवायची आणि मोबाइलला गजर लावायचा. झोप तुटक झाली की दाब वाढतो, जागं राहायला तोंडात धरलेली तंबाखू त्यात भर घालते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तंबाखू-चुना आणि मिश्री घराघरांत आहे. जोरात घोरणारा, दिवसा पेंगणारा माणूस तीन गोळ्यांनीही आटोक्यात येत नसेल, तर झोपेत श्वास अडण्याचा विकार तपासून घ्यावा.

रोजे ठेवणाऱ्यांनी रमजानच्या दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांना भेटावं. दिवसातून एकदाची गोळी सेहरी किंवा इफ्तारला नेता येते. लघवी वाढवणारी गोळी सेहरीला घेतली तर दिवसभर तहान लागते, म्हणून ती बहुधा संध्याकाळी हलवतात. दाब आटोक्यात नसेल किंवा किडनी अधू असेल तर रोजा ठेवावा का, हेही मोकळेपणाने विचारावं. मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना उन्हात राबणाऱ्यांचा दाब काहीसा उतरतो आणि उठताना चक्कर येते. जुलाब-उलट्या लागल्या तर टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन काही दिवस थांबवावं लागतं, नाहीतर कोरड्या पडलेल्या किडनीवर ताण येतो. हा निर्णय फोनवर विचारूनही घेता येतो, मनाने घेऊ नये.

गुडघे आणि कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी दाब वाढवते आणि रक्तदाबाच्या औषधाचा परिणाम कमी करते. "औषध लागू पडत नाही" म्हणून येणाऱ्या कितीतरी रुग्णांच्या पिशवीत ही पाकिटं निघतात. दुसऱ्या आजारासाठी काहीही घेतलं तरी सगळी पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवावीत.

आणि दाब खूप वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी फोडून ठेवण्याची जुनी रीत सोडून द्यावी. एकाएकी दाब कोसळला तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, जीभ जड होणं, छातीत आवळून येणं, धाप लागणं यांतलं काही दिसलं तर १०८ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातावरचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि सिल्लोड किंवा वैजापूरहून येताना त्यातला मोठा वाटा रस्त्यातच जातो.

गोळी टिकवण्याचं ओझं एकट्या रुग्णावर टाकून भागत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे होते, त्यात महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग. त्यांनी केलेल्या गोष्टी साध्या होत्या. प्रत्येक डॉक्टरने वेगळी औषधं लिहायची नाहीत, ठरलेल्या दोन-तीन गोळ्यांच्या पायऱ्या पाळायच्या. गोळ्या आठवड्याच्या न देता महिन्याच्या द्यायच्या, म्हणजे रोजंदारी बुडवून चार फेऱ्या पडत नाहीत. पुढची खेप जिल्हा रुग्णालयाऐवजी गावाजवळच्या उपकेंद्रात मिळावी. प्रत्येकाची नोंद ठेवायची, आणि जो ठरल्या तारखेला आला नाही त्याला फोन करायचा. २०२२ पर्यंत हा उपक्रम १३० हून अधिक जिल्ह्यांत पोहोचला, ३४ लाखांहून अधिक लोक त्यातून सरकारी केंद्रांत उपचार घेत होते आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांचा दाब ताब्यात होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो न आलेल्या माणसाला केलेला फोन. कारण उपचार तिथेच तुटतात.

आपल्या घरापुरतं हे करता येतं. ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, जेनेरिक स्वरूपात जनऔषधी केंद्रांत स्वस्त मिळतात आणि सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा दाब तिथे मोजून मिळतो. घरात पाकीट संपायच्या आठवडाभर आधी दुसरं आलेलं असावं, आणि लग्नकार्याला, वारीला, मुलाकडे पुण्याला जाताना बॅगेत आठ दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या असाव्यात.

राहिला तो मुद्दा, की ही गोळी कधी कमी होऊ शकते का? होऊ शकते, आणि ही आशा खरी आहे. वजन आठ-दहा किलो उतरलं, मिठाची पिशवी खरंच ५० दिवस पुरू लागली, दारू सुटली, आणि घरच्या वहीतले आकडे सलग काही महिने ११०-१२० च्या घरात राहिले, तर डॉक्टर स्वतःच एक पायरी खाली येतात. आधी एका औषधाचा डोस निम्मा करतात. ॲम्लोडिपिन सावकाश उतरतं म्हणून पहिला आठवडा मोजलेला आकडा धरत नाहीत, दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा पाहतात. दाब टिकला तर पुढची पायरी, चढला तर परत जुना डोस. काहींची एक गोळी सुटते, थोड्यांच्या सगळ्या सुटतात, आणि त्यांनाही नंतर वर्षानुवर्षं दर तीन महिन्यांनी मोजत राहावं लागतं.